रूप आणि खूण

चित्राकडे पाहणारांचे साधारणतः दोन वर्ग आढळतात. एक वर्ग चित्रांतील माणूस हुबेहूब उतरला आहे कीं नाहीं एवढेंच पाहतो. हाताचीं बोटें, डोळ्यांतील तेज, लुगड्याची चुणी साधली कीं त्याचें समाधान होतें. दुसरा वर्ग चित्रांत अर्थ शोधतो. कमळ दिसलें कीं लक्ष्मी, गरुड दिसला कीं विष्णु, असें ओळखून तो हात जोडतो व पुढें जातो. पहिल्यास रूप हवें असतें, दुसऱ्यास खूण. हीं दोन्ही एकाच रेषेंत सामावतात काय, या प्रश्नावरून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडांतील कांहीं तरुण चित्रकारांनीं मोठा वाद उपस्थित केला. त्या वादाची एक झुळूक पुढें मुंबईपर्यंत आली. तिचा विचार करावयास महाड-पोलादपूरच्या डोंगराळ मुलखाइतकें योग्य स्थळ महाराष्ट्रांत क्वचितच सांपडेल. कारण रूप आणि खूण यांचा संबंध त्या मुलखांत दोन हजार वर्षें दगडांत, सोन्यांत आणि पाण्यांतहि व्यक्त होत आला आहे.

प्रथम दगडाचीच गोष्ट घेऊं. महाडच्या सीमेवर, गांधारी व सावित्री या नद्यांच्या संगमानजीक, गांधारपाल्याचीं लेणीं आहेत. लहानमोठीं मिळून सुमारे तीस लेणीं त्या टेकडीच्या अंगांत कोरलेलीं आहेत. आरंभींच्या काळांत बौद्ध शिल्पकार बुद्धाचें मनुष्यरूप कोरीत नसत. स्तूप, चक्र, बोधिवृक्ष किंवा पादुका एवढ्यावरच ते भागवीत. गांधारपाल्यासहि जुन्या कोरीव कामांत असे स्तूप आहेत. पुढें कांहीं शतकांनीं त्याच टेकडींत आसनस्थ बुद्धाची मूर्ति कोरली गेली, आणि तिच्या आसनाखालीं चक्र व हरिणें आलीं. म्हणजे प्रथम नुसती खूण होती, मागाहून रूप आलें. पण रूप आलें म्हणून खूण गेली नाहीं, ती आसनाखालीं जाऊन बसली. चक्र व हरिणें पाहतांच सारनाथच्या मृगवनांतील पहिलें प्रवचन आठवावें, अशी ती योजना आहे. या मुलखांतील ही पहिली साक्ष ध्यानांत ठेवून आपण इंग्लंडकडे वळूं.

१८४८ सालीं लंडनमध्यें गॉवर स्ट्रीटवरील मिलेच्या घरीं सात तरुणांनीं एक मंडळ स्थापिलें. जॉन एव्हरेट मिले, विल्यम होल्मन हंट आणि डांटे गॅब्रिएल रोझेटी हे त्यांतील प्रमुख. रॉयल अकॅडमीमध्यें जी चित्रकला शिकविली जाई तिचा त्यांना वीट आला होता. राफाएलच्या अनुकरणानें पुढें चित्रकलेचे जे ठराविक सांचे बनले, ते झुगारून राफाएलच्या पूर्वींच्या इटालियन चित्रकारांसारखें सरळ व निष्कपट डोळ्यानें पाहावें, असा त्यांचा निर्धार होता. म्हणून त्यांनीं आपल्यास ‘प्रीराफेलाइट बंधुमंडळ’ असें नांव घेतलें. १८५० सालीं ‘द जर्म’ या नांवाचें एक मासिकहि त्यांनीं काढलें. तें चार अंकांनंतर बंद पडलें. परंतु त्यांच्या चित्रांनीं उडविलेली खळबळ इतक्या लवकर शमली नाहीं.

या खळबळीचें कारण त्यांच्या मनुष्याकृतींत होतें. अकॅडमीच्या रीतीप्रमाणें देवदूत, संत व राजे यांचे देह ग्रीक पुतळ्यांवरून घेतलेले, सर्व दोषांपासून शुद्ध केलेले असत. या तरुणांनीं ते देह आपल्या घरांतून व रस्त्यांतून आणले. रोझेटीनें १८४९ सालीं कुमारी मेरीच्या बालपणाचें चित्र प्रदर्शनांत मांडलें. त्यांतील मेरी म्हणजे त्याची बहीण क्रिस्टिना, आणि मेरीची आई म्हणजे त्याची स्वतःचीच आई. या घरगुती माणसांच्या भोंवतीं त्यानें खुणांची दाटी केली: सद्गुणांचीं नांवें लिहिलेले ग्रंथ एकावर एक रचलेले, त्यांवर पावित्र्याची खूण म्हणून लिलीचें फूल, आणि पवित्र आत्म्याची खूण म्हणून पारवा. मिले याहून पुढें गेला. त्यानें येशूचें बालपण चितारण्यासाठीं ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील खऱ्या सुताराच्या दुकानांत जाऊन अभ्यास केला. जोसेफचे बाहु खऱ्या सुताराच्या देहावरून घेतले. कारण आयुष्यभर रंधा चालविणाराच्या हाताच्या शिरा दुसऱ्या कोणाच्या हातावर दिसत नाहींत. चित्रांतील मुलाच्या तळहातास खिळा लागून रक्त आलें आहे व त्याचा थेंब पायावर पडला आहे. मागें भिंतीस शिडी टेकलेली आहे, तिच्यावर पारवा बसला आहे, आणि दाराबाहेर मेंढरांचा कळप उभा आहे. खिळा, शिडी, मेंढरें, यांपैकीं एकहि वस्तु सुताराच्या घरीं अस्थानीं नाहीं. आणि ख्रिस्ती वाचकाच्या मनांत यांपैकीं प्रत्येक वस्तु वधस्तंभाची आठवण जागी करते.

हें चित्र १८५० सालीं प्रदर्शनांत येतांच चार्ल्स डिकन्सनें त्यावर आपल्या साप्ताहिकांत कडक टीका केली. पवित्र कुटुंब इतकें कुरूप व दरिद्री दाखविलें, याचा त्याला संताप आला. पुढील वर्षीं रस्किननें ‘टाइम्स’ पत्राला पत्रें लिहून या तरुणांचा कैवार घेतला. टीकाकारांना वाटत होतें कीं, थोर अर्थ सांगावयाचा तर देहहि थोर पाहिजे. या तरुणांचें म्हणणें असें कीं, देह खरा असल्यावांचून अर्थावर कोणाचा विश्वास बसणार नाहीं.

हाच नियम त्यांनीं निसर्गासहि लावला. मिलेनें ऑफेलियाच्या मृत्यूचें चित्र काढतांना १८५१ सालीं सरे परगण्यांतील हॉग्जमिल नदीच्या कांठीं बसून कित्येक महिने एकेक पान व एकेक फूल रंगविलें. मग हिवाळ्यांत लंडनला एलिझाबेथ सिडल हिला पाण्यानें भरलेल्या न्हाणींत निजवून मनुष्याकृति काढली. पाणी ऊन राहावें म्हणून खालीं दिवे ठेवले होते. ते विझले तरी ती हालली नाहीं, आणि आजारी पडली. त्या चित्रांतील विलो वृक्ष त्यागलेल्या प्रेमाची खूण, डेझी निरागसपणाची, अफूचें लाल फूल मृत्यूची. होल्मन हंटच्या ‘जगाचा प्रकाश’ या चित्रांत ख्रिस्त कंदील घेऊन एका बंद दारावर थाप मारीत आहे. त्या दारास बाहेरून कडी नाहीं. तें आंतूनच उघडावें लागेल. दारावर वेली व गवत माजलें आहे, म्हणजे तें फार दिवसांत उघडलें नाहीं. हें समजण्यास कोणत्याहि कोशाची गरज नाहीं; ज्यानें बंद पडलेलें घर पाहिलें आहे त्यास तें आपोआप कळतें. माझ्या मतें या संप्रदायाची सर्वांत मोठी शिकवण ही: खुणेनें प्रथम वस्तु असलें पाहिजे. जी वस्तु म्हणून खोटी, ती खूण म्हणूनहि मुकी.

या पंथाचा व मुंबईचा संबंध प्रथमतः नात्याचा होता. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगींतून १८५७ सालीं मुंबईस कलाशाळा सुरू झाली. १८६५ सालीं जॉन लॉकवुड किपलिंग हे तेथें शिल्पाचे शिक्षक म्हणून आले, व जॉन ग्रिफिथ्स हे चित्रकलेचे शिक्षक म्हणून. किपलिंग यांची पत्नी अॅलिस मॅक्डोनल्ड हिची बहीण जॉर्जियाना ही एडवर्ड बर्न-जोन्स याची पत्नी. आणि बर्न-जोन्स हा रोझेटीचा शिष्य व राफाएलपूर्व संप्रदायाच्या दुसऱ्या पिढीचा अग्रणी. तथापि एवढ्या नात्यावरून मुंबईची शाळा त्या संप्रदायाची शाखा होती असें मानणें चुकीचें होईल. तेथील अभ्यासक्रम लंडनच्या साउथ केन्सिंग्टनचा होता. प्लॅस्टरच्या मूर्ति पुढें ठेवून त्यांवरून महिनोगणती छायाप्रकाश घोटावयाचा, ही त्याची रीत. आणि या यांत्रिक रीतीवर रस्किनचा रोष होता. परंतु शाळेच्या भिंतीबाहेर मात्र दोघांचीहि दृष्टि निराळी दिसते. क्रॉफर्ड मार्केटच्या दारांवर किपलिंग यांनीं जीं शिल्पें केलीं, त्यांत ग्रीक देवता नाहींत. येथलींच कष्टकरी माणसें आहेत. ग्रिफिथ्स यांनीं १८७२ ते १८८५ या काळांत आपल्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृति करविल्या. इंग्लंडांतील तरुण राफाएलच्या मागें गेले, तसे मुंबईचे विद्यार्थी त्या निमित्तानें अजिंठ्यापर्यंत मागें गेले.

याच शाळेंत १८९० सालीं कोल्हापूरचा एक तरुण दाखल झाला. महादेव विश्वनाथ धुरंधर हें त्याचें नांव. विद्यार्थी, शिक्षक व शेवटीं कांहीं काळ प्रमुख, अशा नात्यांनीं ते एकेचाळीस वर्षें त्या वास्तूंत राहिले, आणि त्या दिवसांच्या आठवणी त्यांनीं ‘कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षें’ या पुस्तकांत १९४० सालीं लिहून ठेवल्या. मनुष्याकृति हा त्यांचा हातखंडा. एडवर्ड्स, किंकेड, रॉथफील्ड यांच्या पुस्तकांसाठीं त्यांनीं काढलेलीं चित्रें पाहिलीं, तर मुंबईच्या रस्त्यांतील भाटिया, कोळीण, पारशी, पठाण, भटजी यांचा केवढा सांठा त्यांच्या बोटांत होता तें कळतें. पागोट्याचा पेंच आणि पदराची धाटणी यांवरून माणसाचें गांव व धंदा ओळखूं यावा, इतकी ती रेषा नेमकी आहे. पगडी ही वस्तु आहे आणि खूणहि आहे, हें धुरंधरांना कोणीं शिकवावें लागलें नाहीं.

या धुरंधरांनीं महाड तालुक्यांतील सर्वांत मोठा प्रसंग चितारला: रायगडावरील राज्याभिषेकाची राजसभा. शंभराहून अधिक व्यक्ति असलेलें तें चित्र औंधच्या श्रीभवानी संग्रहालयांत आहे. स्वतः चित्रकार असलेले औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं हें संग्रहालय उभारलें. अशा चित्रांतील अडचण केवढी असते तें नीट लक्षांत येण्यासाठीं त्या दिवशीं रायगडावर काय काय होतें तें पाहिलें पाहिजे.

६ जून १६७४, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. मुंबईहून आलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडन त्या सभेस हजर होता. तो मे महिन्यांतच गडाच्या पायथ्याशीं पाचाडास येऊन पोंचला. पण महाराज तेव्हां भवानीच्या दर्शनास प्रतापगडावर गेले होते, म्हणून त्याला थांबावें लागलें. पोलादपूरवरून घाट चढून ज्या गडाकडे जातां येतें, तोच हा प्रतापगड. पुढें सभेंत प्रवेश करतांच या परक्या माणसाच्या डोळ्यांस जें दिसलें तें त्यानें व्यापाऱ्याच्या चोखपणानें टिपून ठेवलें आहे. सिंहासनाच्या दोन्ही बाजूंस सोन्याचा मुलामा दिलेल्या भाल्यांवर राजसत्तेचीं चिन्हें लटकत होतीं. उजवीकडे मोठ्या दांतांच्या दोन माशांचीं सोन्याचीं मस्तकें. डावीकडे घोड्यांच्या शेपट्या, आणि एका मूल्यवान भाल्याच्या टोंकावर समतोल राहिलेला सोन्याचा तराजू. बाहेर पडतांना त्यानें दारापाशीं दोन लहान हत्ती व दोन उमदे घोडे पाहिले, आणि इतक्या बिकट वाटेनें हे प्राणी वर आणले तरी कसे, याचें त्याला नवल वाटलें.

या वर्णनांत मनुष्याकृतीहून खुणाच अधिक आहेत. त्यांचा अर्थ ऑक्झिंडनास पुरतेपणीं कळला असेलच असें नाहीं. तराजू न्यायाचें चिन्ह आहे, एवढें मात्र त्यानें लिहिलें. माशांचें चिन्ह मोंगल दरबारांत ‘माही मरातिब’ या नांवानें थोर मानाचें म्हणून दिलें जाई. तेंच येथें कोणाकडून मिळालें नसून स्वतः धारण केलेलें आहे. सागरावर गलबतें घालणाऱ्या राजाच्या उजव्या हातीं मासा शोभतो, असाहि त्याचा अर्थ लोक करतात, आणि तो अगदींच टाकाऊ नाहीं. घोड्यांच्या शेपट्यांचें निशाण मध्य आशियांतील तुर्की सरदारांपासून चालत आलेलें. त्याच दिवशीं वेदमंत्रांनीं अभिषेक झाला. बखरकार सांगतात कीं, अष्टप्रधान आठ दिशांस उभे राहिले, आणि सोनें, रुपें, तांबें व माती यांच्या कलशांतून तूप, दूध, दहीं व मध यांची योजना होती. म्हणजे एका सिंहासनाभोंवतीं वैदिक, तुर्की व मोंगल अशा तीन परंपरांच्या खुणा एकत्र मिळाल्या होत्या. ज्यांच्या हातून मान घ्यावयाचा तेच मान आतां आपल्या अधिकारानें धारण केले आहेत, हें त्या सभेंतील प्रत्येक मुत्सद्द्यास एका दृष्टिक्षेपांत समजलें असेल. आपणांस तें चित्रावरून समजतें काय, हा प्रश्न आहे.

येथें राफाएलपूर्व संप्रदायाची कसोटी उपयोगी पडते. राज्याभिषेकाचें एखादें स्वस्त रंगीत चित्र घ्या. त्यांत महाराजांच्या मस्तकामागें तेजोवलय असतें, सिंहासनाचे सिंह गर्जत असतात, फुलांचा वर्षाव होत असतो. परंतु तराजू बहुधा नसतो, मासे नसतात, आणि दाराशीं उभे असलेले ते दोन लहान हत्तीहि नसतात. तेजोवलय ही कोणत्याहि राजास व कोणत्याहि संतास लावतां येणारी खूण आहे. सोन्याचा तराजू मात्र त्या दिवशीं, त्या भाल्यावर, त्या गडावर खरोखर होता. मिलेनें सुताराच्या दुकानांतील खिळा निवडला; आकाशांतून उतरणारा अग्नि निवडला नाहीं. त्याच न्यायानें आमच्या चित्रकारानें आधीं तराजू हातांत घेऊन त्याचें वजन जोखावें, मग तो रंगवावा.

मनुष्याकृतीचीहि तीच गत. राफाएलपूर्व चित्रकारांना येशूचा चेहरा ठाऊक नव्हता, म्हणून त्यांनीं आपल्या आप्तमित्रांचे चेहरे घेतले. शिवाजी महाराजांच्या बाबतींत तेवढी मोकळीक नाहीं, व असूंहि नये. कारण सतराव्या शतकांतील दक्षिणी चित्रकारांनीं काढलेलीं त्यांचीं लहान चित्रें डच संग्रहांतून शिल्लक राहिलीं आहेत. सरळ तरतरीत नाक, निमुळती दाढी, एका बाजूनें दिसणारा चेहरा, असें तें रूप आहे. तरीहि कित्येक वर्षें भलत्याच माणसाचें चित्र महाराजांचें म्हणून महाराष्ट्रांत छापलें जात होतें, वा. सी. बेंद्रे यांनीं १९३३ मध्यें अस्सल चित्र प्रकाशांत आणून तो घोळ दूर केला. इतकीं वर्षें लोक दुसऱ्याच्याच चेहऱ्यापुढें भक्तीनें हात जोडीत होते, आणि खूण भक्कम असल्यामुळें रूपाची चौकशी करावी असें फारसें कोणास वाटलें नाहीं. नुसत्या खुणेवर विसंबल्याचा हा परिणाम होय.

जुन्या चित्रांतील चेहरा एका बाजूचा. सभेच्या चित्रांत तो कोणत्याहि बाजूस वळवावा लागतो. मनुष्याकृतीच्या अभ्यासाची खरी गरज येथेंच पडते. मुंबईच्या शाळेंत विवस्त्र जिवंत मनुष्यावरून रेखाटण्याचा वर्ग ग्लॅडस्टन सॉलोमन यांनीं १९१९ मध्यें उघडला, तेव्हां कित्येकांनीं नाकें मुरडलीं. परंतु ज्यास मानेचा स्नायु ठाऊक नाहीं त्यास मान वळवितां येत नाहीं. आणि ज्यास मान वळवितां येत नाहीं तो शंभर माणसें काढील खरा, पण तीं सर्व एकाच साच्यांतून काढलेलीं बाहुलीं होतील. राजसभेंतील प्रत्येक माणूस महाराजांकडे निराळ्या भावनेनें पाहत होता. हंबीरराव मोहित्यांची नजर सेनापतीची, मोरोपंतांची प्रधानाची, ऑक्झिंडनची व्यापाऱ्याची. वकिलाचा दुभाषी नारायण शेणवी यानें हिऱ्याची अंगठी उंच धरली, तेव्हां महाराजांचें लक्ष गेलें व त्यांनीं त्यांना सिंहासनाजवळ बोलाविलें. त्या उंच धरलेल्या हातांत एका गरजू कंपनीची सगळी कथा आहे. ती सांगण्यास हात नीट काढतां आला पाहिजे. दुसरें कोणतेंहि चिन्ह तेथें नको.

आणखी एक गोष्ट मला आमच्या ऐतिहासिक चित्रांत नेहमीं उणी भासते, ती म्हणजे तो मुलूख. मिले एका ओढ्याकांठीं महिनेच्या महिने बसला. सावित्री महाबळेश्वरीं उगम पावून पोलादपूर व महाड यांवरून बाणकोटच्या खाडीस मिळते. तिच्या खोऱ्यांतील ज्येष्ठ महिना ज्यानें अनुभवला आहे, त्यास मृगाच्या तोंडावरचें तें जड आकाश, उन्हानें काळवंडलेला कातळ व वाऱ्यावर येणारा पहिल्या सरीचा वास विसरतां येणार नाहीं. राज्याभिषेक त्या आकाशाखालीं झाला. पोलादपुरास कवींद्र परमानंदाची समाधि आहे; त्यानें ‘शिवभारत’ रचून शब्दांनीं हें काम आरंभिलें, आणि तें काव्यहि अपुरेंच राहिलें. रंगांनीं तें काम पुरें करूं पाहणारानें आधीं या डोंगरांत एक पावसाळा काढावा, एवढेंच म्हणावेंसें वाटतें.

शेवटीं महाडची तिसरी साक्ष. नगरपालिकेनें १९२४ सालींच ठराव करून चवदार तळें सर्वांस खुलें केलें होतें. पण तो ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारों अनुयायांसह त्या तळ्यावर गेले व त्यांनीं ओंजळीनें त्याचें पाणी प्राशन केलें. पुढें वाद न्यायालयांत गेला व १९३७ सालीं मुंबईच्या उच्च न्यायालयानें निकाल अस्पृश्य मानलेल्या लोकांच्या बाजूनें दिला. त्या ओंजळीहून मोठी खूण आधुनिक महाराष्ट्रांत क्वचितच सांपडेल; आणि ती खूण इतकी मोठी झाली याचें कारण, तें पाणी खरें होतें, तहान खरी होती, आणि तीं बोटें खऱ्या माणसाचीं होतीं. हा प्रसंग पुढें अनेकांनीं रंगविला व धातूंत ओतला. ज्यांच्या कामांत बोटें एकमेकांस नीट मिटलेलीं आहेत व तळव्यांत पाण्याचा भार जाणवतो, तेथें पाहणाऱ्याच्या घशास कोरड पडते. ज्यांना ओंजळ काढतां आली नाहीं, त्यांनीं भोंवतीं कितीहि किरणें काढलीं तरी पाणी सांडूनच जातें.

गांधारपाल्याच्या शिल्पकारानें चक्र मूर्तीच्या आसनाखालीं ठेवलें, रायगडावर तराजू भाल्यावर टांगला गेला, चवदार तळ्यावर ओंजळ भरली गेली. तिन्ही ठिकाणीं खूण कोणत्यातरी खऱ्या आधारावर उभी आहे. लंडनच्या त्या सात तरुणांनीं जें तत्त्व मोठ्या कलहानें मिळविलें, तें आमच्या एका तालुक्यांत तीन वेळां सिद्ध झालेलें आहे. तें ओळखण्यास आपण चित्रापुढें हात जोडण्यापूर्वीं क्षणभर डोळे उघडे ठेवून पाहावयास शिकलें पाहिजे.